पट्टा सोडला की शेजाऱ्यांकडे धाव: हाक का वाया जाते आणि ती परत कशी बसवायची

घरात नाव घेतलं की कुत्रा शेपूट हलवत समोर येऊन उभा राहतो. ‘सिट’, ‘स्टे’ सगळं पाठ आहे. पण पार्किंगमध्ये पट्टा काढला, समोरच्या विंगमधल्या काकू भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या, आणि हा सुसाट सुटला. मागून चार-पाच हाका जातात, एकही त्याच्यापर्यंत पोचत नाही. काकू भिंतीला चिकटून पिशवी डोक्यावर धरतात, म्हणून कुत्रा आणखी उंच उडी मारतो. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो. मग आठवडाभर पट्टा, त्यानंतर एका शांत सकाळी ‘आता सुधारलाय’ म्हणून पुन्हा सोडणं, आणि पुन्हा तेच.

पुण्यात कोथरूड असो, बाणेर असो, खराडी असो, तक्रारीचा साचा हाच. ती परत परत येते, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी चाललेली असते. आपण कुत्र्याला आणखी जोरात हाक मारतो, आणखी रागावतो. खरा बिघाड हाकेत असतो. कुत्रा येणार नाही हे दिसत असताना मारलेली प्रत्येक हाक त्याला एकच गोष्ट शिकवते: हा आवाज कानावर आला तरी चालू काम सोडायची गरज नसते. दिवसातून वीस वेळा असं झालं की महिन्याभरात ‘ये’ हा शब्द त्याच्या लेखी रिक्षाच्या हॉर्नसारखा होतो. ऐकू येतो, पण तो आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

आधी एक वाक्य सोडून द्या

‘घाबरू नका, तो काही करत नाही.’

हे वाक्य कुत्रा पाळणारा अगदी मनापासून बोलतो, आणि समोरच्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. अंगावर 30 किलोचा लॅब्रॅडॉर येत असताना त्याचा हेतू प्रेमाचा आहे की कसा, हे ओळखायला त्या माणसाकडे वेळही नसतो आणि साधनही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी पडल्या तर हाड मोडतं. कुत्र्याने चाटायला धाव घेतली होती की चावायला, याने काही फरक पडत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कुणाला नमाजाला किंवा पूजेला निघताना लाळ लागलेली चालत नाही. ही कारणं तुम्हाला पटायला हवीत असं नाही, ती मान्य करायला हवीत.

शिवाय घाबरलेला माणूस जे जे करतो, हात वर घेणं, किंचाळणं, पळणं, त्या प्रत्येक गोष्टीने कुत्रा जास्त चेकाळतो. ‘पळू नका, स्थिर उभे राहा’ असं शेजाऱ्याला सांगून प्रश्न सुटत नाही. बदल करायचा तो आपल्या टोकाला.

त्या वाक्याऐवजी म्हणा, ‘काकू, जरा थांबा, मी ह्याला बाजूला घेतो.’ आणि खरंच घ्या: कुत्रा भिंतीच्या बाजूला, तुम्ही त्याच्या आणि काकूंच्या मध्ये, पट्टा अर्धा मीटर. काकू पुढे गेल्यावर कुत्र्याला खाऊ, मग चालू लागा. हे रोज झालं की महिन्याभरात शेजारी स्वतःहून सरावाला मदत करायला तयार होतात, आणि पुढे ती मदत लागणारच आहे.

सोडायचं कुठे

सोसायटीची पार्किंग, जिना, लिफ्ट, पॅसेज, बाग इथे कुत्रा पट्ट्यावरच हवा, कितीही शिकलेला असला तरी. सोसायटी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि पाळणारे ते नेमकं लक्षात ठेवतात. त्याच सूचनांत सार्वजनिक जागी पट्टा लावण्याचा सल्लाही आहे, तो विसरला जातो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं, की आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी काळजी घेतली नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुणे महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ असावं; वाद झाला की पहिल्यांदा तेच मागितलं जातं.

टेकडीवर सोडणं हा पुण्यातला जुना रिवाज आहे. तरी वेताळ टेकडी आणि तळजई इथे मोर आहेत, ते जमिनीवर अंडी घालतात, आणि पहाटे तिथे पळणारी, काठी टेकत चढणारी माणसं असतात. मोरामागे एकदा पळालेला कुत्रा पुढच्या वेळी टेकडीच्या पायथ्यापासूनच ओढायला लागतो. तिथे लांब दोरीच वापरा. गच्चीही सुरक्षित नाही. कठड्यावरच्या पारव्यामागे उडी मारून कुत्रे खाली पडतात.

मोकळं सोडायची जागा म्हणजे चारही बाजूंनी बंद जागा: कमिटीची परवानगी घेऊन रिकाम्या वेळचं जाळीचं कोर्ट, फाटक लागलेलं रो-हाउसचं अंगण, कुंपण असलेला प्लॉट, तासावर मिळणारं कुत्र्यांचं बंद मैदान.

मग शेजाऱ्यांसमोर मोकळं राहायला शिकवायचं तरी कशाला? कारण पट्ट्याचा आकडा तुटतो. डिलिव्हरीवाल्यासाठी दार उघडताना कुत्रा पायांमधून निसटतो. अंगणाचं फाटक कोणीतरी उघडं टाकतं. मध्यम आकाराचा निरोगी कुत्रा ताशी 30 किलोमीटरने सहज पळतो, म्हणजे सेकंदाला 8 मीटर. पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला तीन सेकंद पुरतात. त्या तीन सेकंदांत तुमच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे हाक.

सामान

10 मीटरची दोरी, 15 ते 20 मिलिमीटर रुंदीची चपटी नायलॉन पट्टी असेल तर उत्तम. रविवार पेठेत बोहरी आळीत अशी पट्टी आणि दोरी मीटरवर मिळते. एका टोकाला फिरता आकडा शिवून घ्या, गाठ मारून लावू नका. दुसऱ्या टोकाला मूठ किंवा फास ठेवू नका. दोरी जमिनीवर घसटत असताना तो फास बाइकच्या स्टँडमध्ये अडकतो आणि कुत्र्याला झटका बसतो. त्याऐवजी दर मीटरला एक साधी गाठ मारा. पावसाळ्यात ओलं नायलॉन हातातून साबणासारखं सटकतं, तेव्हा पाय ठेवून थांबवायला या गाठींचाच आधार असतो.

दोरी कायम हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीला लावायची, गळ्यातल्या कॉलरला कधीच नाही. पूर्ण वेगात पळणारा कुत्रा दोरी संपल्यावर थांबतो तेव्हा सगळा हिसका एका जागी बसतो. तो छातीवर बसला तर कुत्रा गोंधळतो, मानेवर बसला तर इजा होते. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटात अडकवू नका. बागकामाचे हातमोजे घाला. नायलॉन तळहातावरून सरकलं की कातडं भाजतं. आपोआप गुंडाळला जाणारा डबीतला पट्टा या कामाला नको. तो सतत ताणलेला असतो आणि कुत्र्याला ओढत राहायची सवय लावतो.

खाऊ मटारच्या दाण्याएवढा हवा, मऊ हवा, एका घासात संपणारा. बिनमीठ उकडलेलं चिकन, पनीर किंवा उकडलेलं अंडं चालतं. कडक बिस्किट चावायला पाच सेकंद लागतात, त्यात सरावाची लय मोडते. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. दिवसभराच्या खाऊचं प्रमाण एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. नाहीतर तीन महिन्यांत हाक बसते आणि वजन वाढतं.

हाक नव्याने बसवणं

जुना शब्द दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं पडतं. ‘ये’, ‘इकडे ये’, ‘कम’ हे घरातले सगळे दिवसभर वापरतात, वॉचमनही वापरतो, आणि तेवढ्याच वेळा ते वाया जातात. आखूड, खणखणीत, घरात इतर वेळी कुणाच्या तोंडी नसलेला शब्द घ्या, उदाहरणार्थ ‘हजर’. शिट्टी वापरायची असेल तर हे लक्षात घ्या, की सोसायटीत रात्री वॉचमन शिट्टी मारतो, चौकात ट्रॅफिक पोलीस मारतो. म्हणून लांब शिट्टी नको. तीन आखूड फुंका हा कायमचा नमुना ठरवा.

पहिला आठवडा घरातच. कुत्रा दोन पावलांवर असताना शब्द एकदाच म्हणायचा आणि लगेच, एका सेकंदात, खाऊ. त्याने काहीही केलेलं नसलं तरी. 10 ते 15 वेळा, दिवसातून दोनदा. शब्दाआधी खिशात हात घालू नका, नाहीतर कुत्रा शब्द शिकत नाही, खिसा शिकतो. पाच-सात दिवसांत एक बदल दिसू लागतो: कुत्रा दुसरीकडे बघत असतो, तुम्ही ‘हजर’ म्हणता, आणि मान वळायच्या आधी त्याचा एक कान तुमच्याकडे फिरतो. तो कान आपोआप फिरायला लागला की दुसऱ्या खोलीतून हाक मारायला सुरुवात करा, मग जिन्यातून, मग अंगणात दोरीवर.

दोरीवर पाळायचे नियम थोडे आहेत पण कडक आहेत. हाक एकदाच. दोन सेकंदांत वळला नाही तर पुन्हा हाक मारायची नाही. दोरी हळूहळू हातात घेत त्याच्याजवळ जायचं, त्याच्या नाकाशी खाऊ धरून त्याला वळवायचं आणि पुढची हाक निम्म्या अंतरावरून मारायची. दोरीला हिसका देऊन खेचायचं नाही. दोरीचं काम एवढंच, की हाक न ऐकता शेजाऱ्यापर्यंत पोचण्याचं बक्षीस त्याला कधीच मिळू नये.

तो आला की आधी कॉलरला हात, मग खाऊ, मग ‘जा’ म्हणून पुन्हा सोडायचं. हा क्रम उलटा झाला तर कुत्रा खाऊ उचलतो आणि हात येताच मागे सरकतो. आणि ‘जा’ तर कधीच गाळू नका. पुण्यातल्या बहुतेक कुत्र्यांना आयुष्यात हाक ऐकू येते ती फिरणं संपवून घरी न्यायच्या वेळी, नखं कापायला आणि आंघोळीला. मग तो येईल कशाला? दहा हाकांपैकी नऊ वेळा आल्यावर पुन्हा मोकळं सोडलं गेलं पाहिजे. आंघोळीसाठी हाक मारायची नाही, उठून त्याला घ्यायला जायचं.

दहा-पंधरा हाकांतून एकदा, कुत्रा विशेष वेगात आला तर, पाच-सहा तुकडे एकामागून एक द्या, एकदम मूठभर नाही. एक, मग दुसरा, मग तिसरा, मध्ये ‘वा वा’. मोठ्या बक्षिसाची ही शक्यता कायम राहिली की हाक शिळी होत नाही.

शेजारी समोर असताना

इथे बहुतेक जण घाई करतात. घरात आला, अंगणात आला, म्हणजे झालं असं धरून थेट गर्दीच्या वेळी पार्किंगमध्ये उतरतात. कुत्र्याच्या दृष्टीने उभा माणूस, चालणारा माणूस, पिशवीवाला माणूस, पळणारं मूल आणि स्कूटर ही पाच वेगळी कामं आहेत.

ओळखीच्या, न घाबरणाऱ्या एका शेजाऱ्याला रोज दहा मिनिटं मागा. त्यांना 25 मीटरवर नुसतं उभं राहायला सांगा. त्यांनी कुत्र्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही. दोरीवरच्या कुत्र्याला दहा हाका द्या. आठ किंवा जास्त वेळा आला तर दुसऱ्या दिवशी अंतर 20 मीटर. सहा-सात वेळा आला तर तिथेच राहा. पाच किंवा कमी असेल तर अंतर वाढवा, कुत्र्याला दोष देऊ नका. 5 मीटरपर्यंत पोचलात की शेजाऱ्याला चालायला सांगा, आणि अंतर पुन्हा 20 वर न्या. मग पिशवी, मग छत्री, मग हेल्मेट. प्रत्येक नव्या गोष्टीला अंतर वाढवूनच सुरुवात. रोज दहा मिनिटं दिली तर आठ ते बारा आठवडे धरून चाला. बीगल आणि हस्की या जातींना जास्त लागतात.

हाक मारायचा क्षण शिकण्यासारखा आहे. कुत्रा पळायच्या आधी अचानक सुटत नाही, तो आधी सांगतो. उघडं, हसरं दिसणारं तोंड मिटतं. कान पुढे येतात. हलणारी शेपूट एका जागी थांबते. सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, पुढचे पंजे जमिनीत रुततात, मागचे पाय किंचित वाकतात. हे एका सेकंदाच्या आत होतं. तोंड मिटलं त्या क्षणी हाक मारली तर ती ऐकली जाते. वजन पुढे गेल्यावर मारली तर बहुतेक वेळा वाया जाते. म्हणून हे पाठ होईपर्यंत नजर मोबाइलवर नको, शेजाऱ्यावरही नको. कुत्र्याच्या तोंडावर ठेवा.

पुढे ‘हजर’शिवाय एक सवय आपोआप लागते. शेजारी दिसला, कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं, की लगेच खाऊ. दोन-तीन आठवड्यांत कुत्रा शेजारी दिसताच स्वतःच तुमच्याकडे मान वळवतो. पट्टा नसताना शेजाऱ्यांमध्ये शांत राहणारे कुत्रे बहुधा हेच करत असतात. त्यांना हाक मारावीच लागत नाही.

अडतंय कुठे

अर्ध्या वाटेत थांबून वास घेत बसतो. अंतर फार लवकर वाढवलंत, किंवा तो येत असताना तुम्ही गप्प राहिलात. वळला की पोचेपर्यंत बोलत राहा, आणि दोन पावलं मागे चालत जा. मागे सरकणाऱ्या माणसाकडे कुत्रा धावतो, अंगावर चालून येणाऱ्यापासून लांब राहतो.

जवळ येतो, पण हात लांब केला की उडी मारून बाजूला होतो. आजवर तो हात पट्टा लावायलाच आला आहे. आठवडाभर घरात बसल्या जागी कॉलरला हात, खाऊ, हात काढला; दिवसातून तीस वेळा. वाकून वरून हात घालू नका, हनुवटीखालून घाला.

खाऊ दिसला तरच येतो. खाऊ हातात धरून हाक मारली जाते आहे. तो डब्यात ठेवा, डबा बाइकच्या सीटवर ठेवा, आणि कुत्रा आल्यावर दोघं मिळून डब्याकडे जा.

एकाच आजोबांकडे पळतो. ते बिस्किट देतात. यात कुत्र्याची चूक नाही, आजोबांचीही नाही. माया आहे ती. आजोबांना थेट विनंती करा: ‘बिस्किट माझ्याकडे द्या, तो चारही पाय खाली टेकवून बसला की मी देईन.’ आठवड्यात आजोबा दिसले की कुत्रा तुमच्याजवळ येऊन बसायला लागतो.

भेटताना अंगावर उड्या मारतो. गुडघ्याने छातीत ढकलणं, पाय तुडवणं हे उपाय ऐकिवात आहेत. त्यांनी कुत्रा एकतर जास्त उडतो किंवा माणसांच्या पायांना घाबरायला लागतो. दोरीवर पाय ठेवा, एवढ्या अंतरावर की उभं राहता येईल पण उडी मारता येणार नाही. चारही पाय जमिनीवर असताना पायाशी खाऊ टाका. शेजाऱ्यांना सांगा, उडी मारली की पाठ फिरवायची. घरातल्या एकानेही ‘अरे माझं सोनं’ म्हणत उड्या मारू दिल्या, तर बाहेरचा सगळा सराव पाण्यात जातो.

मुलांमागे, सायकलमागे, स्कूटरमागे पळतो. हे भेटणं नाही, पाठलाग आहे, आणि पाठलागात स्वतःची मजा असते. खाऊ तिथे कमी पडतो. इथे बक्षीसही पळण्याचंच हवं: ‘हजर’, वळला की तुम्ही उलट दिशेला पळा आणि दोरीला बांधलेलं चिंधीचं खेळणं जमिनीवरून ओढत न्या. पाठलाग करणारा कुत्रा वर्षभर तरी बंद जागेबाहेर मोकळा सोडू नये.

फाटकातून दूधवाल्यावर, डिलिव्हरीवाल्यावर भुंकत धावतो. तो माणूस पाकीट टाकून निघूनच जाणार असतो, पण कुत्र्याला वाटतं आपण हाकलला. रोज दोनदा जिंकणारा कुत्रा भुंकणं का सोडेल? येण्याच्या वेळी कुत्रा आतल्या खोलीत, हाडूक किंवा भरलेलं खेळणं देऊन.

लिफ्टचं दार उघडताच बाहेर झेप. लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात बसवा, तुम्ही दार आणि कुत्र्याच्या मध्ये. दार उघडल्यावर तीन मोजून मगच निघायचं. बाहेर कोणी उभं असेल तर त्यांना आधी जाऊ द्या, किंवा पुढची लिफ्ट घ्या.

महिनोन् महिने नीट येत होता, आता बहिरा झाल्यासारखा वागतो. वय 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान असेल तर हा वयाचा भाग आहे. दोरीवर परत जा, दोन महिने तरी. मोठा कुत्रा असेल तर कान हुंगून बघा. पावसाळ्यात लॅब आणि कॉकरच्या कानात जंतुसंसर्ग होतो, आंबूस वास येतो, कान हलवला की तो मान झटकतो. सांधे दुखणारा कुत्राही हाकेला सावकाश येतो. आधी डॉक्टर, मग ट्रेनिंग. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे तीन आठवडे. त्या काळात तिला मोकळं सोडायचंच नाही, आणि आसपास अशी मादी असेल तर नरालाही नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरावर उभं राहून सराव घेतला आणि कुत्रा येईना, तर पंजे भाजताहेत का ते बघा. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर सराव नाही. गणपतीआधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालू असतो, दिवाळीत फटाके. घाबरलेला कुत्रा कुठलीच हाक ऐकत नाही, आणि अशा वेळी मारलेली हाक भीतीशी जोडली जाते. त्या दिवसांत कॉलर आणि हार्नेस दोन्हीला पट्टा आणि सराव बंद घरात.

करंट देणारी कॉलर

विकत सहज मिळते, आणि दोन दिवसांत फरक दिसतो म्हणून लोक घेतात. पण कुत्र्याला दुखतं ते नेमकं शेजाऱ्याकडे बघत असताना. त्याच्या डोक्यात दुखणं शेजाऱ्याशी जोडलं जातं, हाकेशी नाही. काल उड्या मारून भेटणारा कुत्रा उद्या त्याच शेजाऱ्याकडे बघून गुरगुरतो. शेजाऱ्यांसाठी म्हणून हा उपाय करणं म्हणजे आधी नसलेला धोका तयार करणं आहे.

शेजारी दिसल्यावर कुत्रा ताठ होत असेल, नजर रोखत असेल, ओठ वर करत असेल, तर वरचं काहीही स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. जाळीची तोंडटोपी, जिच्यात तोंड उघडून धापा टाकता येतात ती, घरात खाऊ देत सवयीची करा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. दात किंवा नख लागलं असेल तर जखम लगेच 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

आत्ताच सुटला असेल तर

त्याच्यामागे पळू नका, त्याला तो खेळ वाटतो. नाव घेऊन ओरडू नका. वाटेत माणूस असेल तर फक्त त्यांना, शांत आवाजात, ‘पिशवी खाली धरा, मी येतोय’ एवढं सांगा. तुम्ही उलट दिशेला चार पावलं पळा, टाळ्या वाजवा, आणि कुत्र्याने बघितलं की त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसा. रस्त्याजवळ असाल तर गाडीचं मागचं दार उघडा. बरेच कुत्रे आपणहून आत चढतात. जवळ आला तर झडप घालू नका, मूठभर खाऊ जमिनीवर पसरा आणि तो टिपत असताना हनुवटीखालून कॉलर धरा. धरल्यावर आणखी दोन तुकडे द्या, मग पट्टा लावा. या क्षणी हात उचललात, तर पुढच्या वेळी तो तुमच्या हातापासून एक पाऊल लांबच थांबेल.